पथकाचे निरोप

शाळेच्या स्काऊट पथकाला निरोपाची फारशी चिंता करावी लागत नाही. वर्गशिक्षिका फळ्यावर सूचना लिहितात, मूल ती डायरीत उतरवून घेते, घरी आई त्याखाली सही करते आणि निरोप पोहोचला असे सर्वजण धरून चालतात. आमचे पथक मात्र कोणत्याही एका शाळेचे नाही. गंगापूर रोड परिसरातल्या एका मैदानावर रविवारी सकाळी जमणारी ही मुले नाशिकच्या निरनिराळ्या शाळांतून आणि निरनिराळ्या माध्यमांतून येतात. कोणी इंदिरानगरहून, कोणी पंचवटीतून, तर कोणी थेट नाशिकरोडहून. त्यांचे पालक एकमेकांना ओळखत नाहीत आणि शाळेच्या फाटकाशी त्यांची रोज गाठही पडत नाही. अशा खुल्या पथकात निरोपाची व्यवस्था कोलमडली तर पथकच विस्कळीत होते. गेली काही वर्षे ही व्यवस्था माझ्याकडे आहे. पथकाचा ई-मेल, पथकाची वेबसाइट आणि या दोन्हींच्या मागे असलेली पालकांची यादी मी सांभाळते.

गाठी, तंबू, शेकोटी आणि ध्वजवंदन हे सगळे स्काऊटमास्टर सर आणि गाईड कॅप्टन ताई पाहतात. मी मैदानावर क्वचितच असते. माझे काम रात्री जेवणे उरकल्यावर घरच्या टेबलावर चालते. तरीही हे काम स्काऊटिंगच्या बाहेरचे आहे असे मला कधी वाटले नाही. त्यात दोन कर्तव्ये आहेत आणि ती एकमेकांच्या विरुद्ध दिशेने ओढतात. प्रत्येक निरोप प्रत्येक घरात वेळेवर आणि समजेल अशा भाषेत पोहोचला पाहिजे, हे पहिले. त्या निरोपाच्या वाटेने एकाही मुलापर्यंत परक्या माणसाला परस्पर पोहोचता येता कामा नये, हे दुसरे. पहिले कर्तव्य सगळे उघड करायला सांगते, दुसरे झाकायला सांगते, आणि रोजच्या प्रत्येक पत्रात, प्रत्येक छायाचित्रात या दोहोंमधली रेघ नव्याने ओढावी लागते.

स्काऊट चळवळीला निरोपाचे महत्त्व पहिल्यापासून ठाऊक आहे. 1907 साली चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधल्या ब्राउन्सी बेटावर मुलांचे जे पहिले प्रायोगिक शिबिर घेतले, तिथपासून मागोवा काढणे आणि खुणा वाचणे हा या शिक्षणाचा भाग राहिला आहे. दगडांनी किंवा काटक्यांनी वाटेवर केलेला बाण म्हणजे इकडून जा, फुली म्हणजे या वाटेने जाऊ नका, आणि वर्तुळाच्या मधोमध एक ठिपका म्हणजे मी घरी गेलो. केनियातल्या न्येरी येथे बेडन-पॉवेल यांच्या समाधीशिळेवर हीच शेवटची खूण कोरलेली आहे. आमच्या पथकात प्रत्येक सहलीनंतर आणि शिबिरानंतर एक छोटे पत्र जाते: सर्व मुले परतली, शेवटचे मूल अमुक वाजता पालकांच्या हाती सोपवले. ज्यांचे मूल कधीच घरी पोहोचून जेवायला बसले आहे, त्यांनाही ते पत्र जाते, कारण पथकाची जबाबदारी आपले मूल घरी आल्यावर संपत नसून शेवटचे मूल घरी गेल्यावर संपते, हे सगळ्यांनाच ठाऊक असावे असे मला वाटते. मुलांना या पत्राचे नावही माहीत आहे. ती त्याला ठिपक्याचे पत्र म्हणतात.

निरोप लिहिण्याची खरी परीक्षा पावसाळ्यात होते. त्र्यंबक रस्त्यावरचे अंजनेरी आमच्या मुलांचे आवडते. परंतु जुलै-ऑगस्टमध्ये तिथे धुके उतरले की दहा पावलांवरचे दिसत नाही, पायऱ्यांवरून पाण्याचे लोट वाहू लागतात, आणि गंगापूर धरणातून विसर्ग वाढवल्याची बातमी आली की सारे शहर गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी चढले याची चौकशी करू लागते. अशा एका शनिवारी संध्याकाळी सरांचा फोन येतो की उद्याचे रद्द करा. त्यानंतर जाणारे पत्र साधारण असे असते:

विषय: रद्द – रविवारची अंजनेरी पदभ्रमंती

उद्याची अंजनेरी पदभ्रमंती पावसामुळे रद्द केली आहे. मुलांना मैदानावर पाठवू नये. उद्या पर्यायी कार्यक्रम नाही. प्रवासासाठी भरलेले पैसे पुढच्या पदभ्रमंतीसाठी धरले जातील. शंका असल्यास पथकाच्या फोनवर रात्री नऊपर्यंत विचारावे.

या पाच वाक्यांतले प्रत्येक वाक्य कोणत्या ना कोणत्या पालकाच्या प्रश्नातून आलेले आहे. विषयात 'रद्द' हा शब्द सर्वांत आधी आहे, कारण फोनच्या पडद्यावर विषयाचे पहिले दोन-तीन शब्दच दिसतात आणि सातपूरच्या कारखान्यातून दुसरी पाळी संपवून मध्यरात्री घरी येणारा बाप तेवढेच वाचून झोपतो. मुलांना पाठवू नये हे वेगळ्या वाक्यात लिहावे लागते, कारण पदभ्रमंती रद्द झाली तरी नेहमीची सभा होईल असे काहीजण समजतात आणि मूल भर पावसात रिकाम्या मैदानावर उभे राहते. पैशांचे वाक्य नसेल तर दुसऱ्या दिवशी निम्मे पालक तेच विचारणार. प्रतिकूल हवामानाच्या पार्श्वभूमीवर सदर उपक्रम तूर्तास स्थगित करण्यात येत आहे, अशा परिपत्रकी मराठीत हा निरोप लिहिला तर तो वाचणाऱ्याला उद्या सकाळी नेमके काय करायचे ते कळत नाही. देवळालीतून येणारी काही मुले लष्करी कुटुंबांतली आहेत. त्यांच्या वडिलांच्या बदल्या होत राहतात आणि घरी मराठी वाचणारे कोणी असतेच असे नाही, म्हणून मराठी मजकुराखाली त्यातल्या मुख्य दोन वाक्यांचे हिंदी रूप असते.

हे सगळे व्हॉट्सअ‍ॅपवर का नाही, असा प्रश्न दर जूनमध्ये नवे पालक विचारतात. तो रास्त आहे, कारण नाशिकमधल्या बहुतेक घरांत ई-मेल हा बँकेच्या आणि परीक्षेच्या अर्जापुरता उरला आहे. आम्ही व्हॉट्सअ‍ॅप वापरतो, पण केवळ हाक मारण्यासाठी: पत्र पाठवले आहे, कृपया पाहावे. साध्या गटात प्रत्येकाचा फोन नंबर इतर सर्वांना दिसतो, आणि ज्यांना एकमेकांची ओळखही नाही अशा कुटुंबांचे नंबर एकमेकांच्या हाती देण्याचा अधिकार पथकाला कोणी दिलेला नाही. म्हणून आम्ही कम्युनिटीतला घोषणा गट वापरतो, ज्यात सदस्यांचे नंबर इतर सदस्यांना दिसत नाहीत आणि फक्त संचालकांनाच लिहिता येते. ई-मेल मात्र नोंद म्हणून राहतो. तृतीय सोपान या स्काऊट श्रेणीच्या चाचणी शिबिराचे संमतीपत्र कधी गेले, पालकांनी काय लिहून दिले, कोणत्या मुलाला शेंगदाणे चालत नाहीत, हे सहा महिन्यांनी शोधले तरी सापडले पाहिजे, आणि वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या राशीखाली ते सापडत नाही.

पाठवलेले पत्र पोहोचतेच असे नाही, आणि न पोहोचण्याची कारणे मला पूर्वी कल्पनाही नव्हती इतकी सामान्य असतात. जीमेलची मोफत जागा 15 जीबी आहे. जून 2021 पासून गुगल फोटोजमध्ये चढवलेली नवी छायाचित्रे त्यात मोजली जातात आणि 2024 पासून अँड्रॉइडवरचा व्हॉट्सअ‍ॅप बॅकअपही त्यातच धरला जातो. म्हणजे सकाळी-सकाळी आलेली फुलांची चित्रे आणि लग्नाचे व्हिडिओ साठत जातात, जागा भरते, आणि एके दिवशी त्या पालकाला शिबिराचे पत्र येणेच बंद होते. त्याला ते कळतही नाही. परत आलेले प्रत्येक पत्र म्हणून मी पाहते आणि त्या घरी फोन करते. दुसरे कारण आमच्या बाजूचे असू शकते. ई-मेलमध्ये पाठवणाऱ्याच्या जागी कोणाचाही पत्ता लिहिता येतो, जसे पाकिटावर पाठवणाऱ्याचे नाव कोणीही घालू शकतो. त्याला आळा घालण्यासाठी डोमेनवर, म्हणजे पथकाच्या इंटरनेटवरच्या नावावर, काही नोंदी कराव्या लागतात: एसपीएफ ही नोंद आपल्या नावाने पत्र पाठवण्याचा अधिकार कोणत्या सर्व्हरना आहे ते जाहीर करते, डीकेआयएम पत्रावर डिजिटल सही करते, आणि या कसोट्यांना न उतरणाऱ्या पत्राचे काय करावे ते डीमार्क सांगते. फेब्रुवारी 2024 पासून जीमेलने यांतल्या पहिल्या दोनपैकी किमान एक सर्व पाठवणाऱ्यांना आवश्यक केली आहे, आणि दिवसाला पाच हजारांहून अधिक पत्रे पाठवणाऱ्यांना तिन्ही. आमच्यासारख्या लहान पथकाने तिन्ही करून ठेवाव्यात असे माझे आग्रहाचे मत आहे. पत्रे स्पॅममध्ये जाऊ नयेत हा एक हेतू झाला; पथकाच्या नावाने शिबिराचे पैसे मागणारे खोटे पत्र कोणाला सहज पाठवता येऊ नये, हा त्याहून मोठा.

ज्या घरात ई-मेल नाहीच, तिथे कागद जातो, मुलाच्या हाती, घडी घालून. त्या घरांची यादी वेगळी आहे आणि प्रत्येक पत्र पाठवताना ती मी आधी उघडते.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे, ती लिपीची. वरून येणारी परिपत्रके पुष्कळदा जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टंकलेली असतात. तो फॉन्ट ज्या संगणकावर नाही तिथे अक्षरांच्या जागी अर्थहीन चिन्हांची रांग दिसते. काही वेळा परिपत्रक छापून, सही-शिक्का करून, पुन्हा स्कॅन करून तिरके पाठवले जाते. ते तसेच पुढे ढकलणे सोपे असते. पण आमच्या एका स्काऊटचे वडील दृष्टिहीन आहेत. ते फोनच्या वाचकाकडून सूचना ऐकतात, आणि तो वाचक युनिकोड या सर्वमान्य अक्षरपद्धतीतले मराठी चांगले वाचतो, चित्रातले मराठी मात्र त्याला बहुधा रिकामे असते. राज्य पुरस्कार चाचणी शिबिराच्या परिपत्रकातली तारीख, स्थळ, शुल्क आणि सोबत आणायच्या सामानाची यादी मी म्हणून पत्रात नव्याने टंकते आणि मूळ प्रत सोबत जोडते. त्याला अर्धा तास लागतो. त्या वडिलांनी सामानाची यादी ऐकून, दोरी, वाटी-पेला, शिट्टी एकेक वस्तू हाताने चाचपून मुलाची पिशवी स्वतः भरल्याचे मुलाने सांगितले, तेव्हापासून मी सूचनेचे चित्र कधीच एकटे पाठवलेले नाही.

आता दुसऱ्या कर्तव्याकडे येते. त्याची सुरुवात अगदी बारीक गोष्टीपासून होते: पालकांचे पत्ते कोणत्या रकान्यात घातले. एका ओळखीच्या संस्थेत शिबिराचे पत्र सर्वांचे पत्ते उघड दिसतील असे गेले. एका आईने उत्तरात आपल्या मुलीच्या फिटच्या आजाराची आणि औषधांची माहिती लिहिली आणि सर्वांना उत्तर देण्याचे बटण दाबले. ती माहिती परक्या घरांत गेली, आणि गेलेले पत्र परत बोलावता येत नाही. मुलीने पुढे त्या संस्थेत जाणे सोडले. त्या आईचा काहीच दोष नव्हता. तिने शिक्षिकेवर जितका विश्वास टाकायचा तितकाच टाकला होता. आमची सर्व सामुदायिक पत्रे बीसीसीने, म्हणजे एकाचा पत्ता दुसऱ्याला न दिसता, जातात, आणि आरोग्याची माहिती ई-मेलने मागितलीच जात नाही. ती कागदावर, बंद पाकिटात, ताईंच्या हाती दिली जाते आणि शिबिर संपल्यावर पालकांना परत केली जाते.

छायाचित्रांचा प्रश्न मात्र इतका सरळ सुटत नाही. पथकाच्या वेबसाइटवर छायाचित्रे नसतील तर नवे पालक काय पाहून मूल पाठवणार? मुलांनी उभारलेला मनोरा, चुलीवर भाजलेली पोळी, पहिल्यांदा स्कार्फ बांधल्यावरचा चेहरा, हे सगळे जगाला दाखवावेसे मलाही वाटते. पण छायाचित्रात चेहऱ्याखेरीज पुष्कळ काही असते. मागे शाळेची पाटी असते, टी-शर्टवर वर्गाचे नाव असते, फाइलच्या नावातच कधी मुलाचे पूर्ण नाव असते, आणि फोनमध्ये स्थान नोंदवण्याची सोय चालू असेल तर ते छायाचित्र नेमके कोठे काढले त्याचे अक्षांश-रेखांशही फाइलमध्ये दडलेले असतात. आमचे नियम यातून घडले. लेखी संमतीशिवाय चेहरा नाही. संमती असली तरी छायाचित्राखाली नाव नाही. फाइलमधली दडलेली माहिती काढून टाकल्याशिवाय ती वर चढत नाही. आणि कोणत्याही शिबिराचे छायाचित्र किंवा स्थळ, मुले घरी पोहोचल्याशिवाय प्रसिद्ध होत नाही. पुढच्या रविवारी मुले कोठे असतील हे केवळ पालकांना पत्राने कळते.

या नियमांना विरोध होतो आणि तो प्रेमापोटी होतो, म्हणून तो टाळणे कठीण जाते. एका गाईडला राज्य पुरस्काराचे प्रमाणपत्र मिळाले, तेव्हा निफाडजवळच्या गावाहून तिच्या आजीचा फोन आला. "अहो ताई, नातीचा फोटो नावानिशी टाका ना तुमच्या साइटवर. गावात सगळ्यांना दाखवायचा आहे." त्यांच्या आवाजातला अभिमान ऐकून नाही म्हणणे जड गेले. मी त्यांना सांगितले की साइटवर गटाचा फोटो येईल, नाव येणार नाही, पण नातीचा एकटीचा मोठा फोटो मी तिच्या बाबांना पाठवते, तो छापून घ्या आणि सगळ्या गावाला दाखवा. कुटुंबाने स्वतः केलेली प्रसिद्धी आणि संस्थेने मुलाच्या वतीने केलेली प्रसिद्धी यांत मला मोठा फरक दिसतो. अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला 2023 चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा बालक मानतो, त्यांची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती मागतो आणि त्यांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास किंवा त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवण्यास मनाई करतो. साइटवर येणाऱ्यांचा माग ठेवणारी यंत्रणा आम्ही यासाठीच काढून टाकली. किती लोकांनी पान पाहिले हे आता कळत नाही, आणि त्याने पथकाचे काही अडलेले नाही.

कधीकधी मूलच पत्र लिहिते. अकरा-बारा वर्षांचा एखादा मुलगा आईच्या फोनवरून किंवा स्वतः उघडलेल्या पत्त्यावरून लिहितो की मला बोलाइन गाठ जमत नाही, सर रागावतील का. त्याला उत्तर मिळालेच पाहिजे, आणि प्रेमाने मिळाले पाहिजे. पण कोणत्याही प्रौढाने मुलाशी एकट्याने खाजगीत पत्रव्यवहार करायचा नाही, हा नियम माझ्यासकट सर्वांना लागू आहे. उत्तर पालकांच्या पत्त्यावर, मुलाच्या नावाने, सरांना प्रत देऊन जाते. जागतिक स्काऊट संघटनेच्या 'सेफ फ्रॉम हार्म' या बालसुरक्षा धोरणामागचा विचार हाच आहे की चांगल्या माणसांच्या चांगुलपणावर व्यवस्था उभी करायची नाही. व्यवस्था अशी असावी की वाईट माणसाला जागाच सापडू नये. त्या मुलाला मी लिहिले होते की सर रागावणार नाहीत, रविवारी दोरी घेऊन दहा मिनिटे आधी ये, आणि हे पत्र आईसोबत वाच.

वेबसाइटवरचे मुलांचे लेखन हा माझ्या कामातला सर्वांत आनंदाचा भाग आहे. शिबिराचा वृत्तांत संघनायक, म्हणजे मुलांच्या छोट्या गटांचे प्रमुख, लिहितात, आणि मी त्यांत शुद्धलेखनापलीकडे फारसा हात घालत नाही. रामशेजच्या सहलीबद्दल एका मुलीने लिहिले होते की किल्ला लहान दिसतो पण मुघलांना कित्येक वर्षे मिळाला नाही, आणि आम्हाला मात्र पाणी पुरले नाही म्हणून लवकर उतरावे लागले. तिला कोणी सांगितले नव्हते, तरी पाणी किती न्यायचे याची तिने शेवटी एक सूचना जोडली होती. पुढच्या सहलीच्या पत्रात ती सूचना मी तशीच घेतली.

पासवर्ड, डोमेनचे नूतनीकरण आणि पत्त्यांची मालकी यांबद्दल एवढेच सांगते की यातले काहीही एका व्यक्तीच्या नावावर असू नये. एका जुन्या संस्थेचे डोमेन परगावी गेलेल्या कार्यकर्त्याच्या खाजगी पत्त्यावर नोंदलेले होते. मुदतीची स्मरणपत्रे त्याच्या बंद पडलेल्या खात्यात जात राहिली आणि मुलांची संस्था म्हणून छापलेल्या पत्त्यावर पुढे जुगाराच्या जाहिराती दिसू लागल्या. आमच्याकडे दोघांना सर्व माहिती आहे आणि एक प्रत कपाटात बंद पाकिटात आहे.

सध्या टेबलावर 2027 च्या सिंहस्थ कुंभमेळ्याचा विषय आहे. मेळ्यांतली सेवा ही या चळवळीची जुनी परंपरा आहे. मदन मोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम वाजपेयी यांनी 1918 मध्ये सेवा समिती स्काऊट असोसिएशन उभारली, तीही सेवेच्याच पायावर. आमचे रोव्हर आणि रेंजर, म्हणजे पथकातले मोठे मुलगे आणि मुली, हरवलेल्यांना मदत करण्यासाठी आणि रांगा लावण्यासाठी नावे देत आहेत, आणि मुख्य स्नाने ऐन पावसाळ्यात आहेत. कोणाची पाळी कोणत्या घाटावर, ही यादी वेबसाइटवर ठेवावी, म्हणजे मुलांना कोठूनही पाहता येईल, असा एका तरुण रोव्हरचा आग्रह होता. मी त्याला नकार दिला आणि कारणही सांगितले. नावे, वेळा आणि ठिकाणे एकत्र, सर्वांना दिसतील अशी कोठेही ठेवायची नाहीत. शिवाय एवढ्या गर्दीत फोनचे नेटवर्क चालेलच याची खात्री कोणी देऊ शकत नाही. म्हणून पाळीची चिठ्ठी छापील असेल, प्रत्येकाच्या खिशात त्याची स्वतःची, मागच्या बाजूला गटप्रमुखाचा आणि घरचा नंबर हाताने लिहिलेला. पालकांना त्यांच्या मुलापुरते पत्र जाईल. आणि वेबसाइटवर सेवेचे स्वरूप, गणवेशाच्या सूचना आणि सोबत न्यायच्या वस्तू एवढेच राहील. तो रोव्हर आता त्या चिठ्ठीचा नमुना करतो आहे. पावसात शाई पसरू नये म्हणून कोणता कागद घ्यावा, याची चौकशी त्याने मेन रोडवरच्या छापखान्यात करून ठेवली आहे, आणि पहिला नमुना आला की तो आम्ही भिजवून पाहणार आहोत.